गोदावरी हे नाव आजच्या मुलीला ठेवावं का? अर्थ आणि अनुभव हवे आहेत

काठावरची | सोमवार, रात्री ९:४०

भावाला मुलगी झाली. काल पाचवी पुजली. बारसं येत्या रविवारी, वहिनीच्या माहेरी नाशिकरोडला. आमच्यात नाव आत्या ठेवते आणि आत्या मी एकटीच. भाऊ-वहिनी म्हणाले, "ताई, तू सुचव, पटलं की पक्कं."

माझ्या मनात एकच नाव आहे, गोदावरी. त्यामागचं कारण सांगते.

आमची आजी, म्हणजे बाबांची आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. माहेर चांदोरी. लग्न होऊन पंचवटीत आली तेव्हा ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने 'शालिनी' लिहिलं आणि ती शालिनी झाली. रेशनकार्ड, बँक, दवाखान्याची फाइल, सगळीकडे शालिनीच. पण मी लहान असताना चांदोरीहून तिचा भाऊ यायचा. चपला काढतानाच हाक द्यायचा, "गोदे, पाणी आण गं." त्या हाकेला आजी ज्या चपळाईने उठायची, तसं तिला एरवी उठताना मी पाहिलेलं नाही. चौथी-पाचवीत असेपर्यंत मला ते लाडाचं नाव वाटायचं. मग कळलं की तिचं जन्माचं नाव गोदावरी. मामाआजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर या नावाने तिला कोणी हाक मारलेली नाही.

वहिनीला नाव नकोसं नाही, पण काळजी आहे. मुलं चिडवतील का, जुनाट वाटेल का. तिच्या आईचं म्हणणं, नदीचं नाव मुलीला ठेवू नये, मुलगी घरात ठरत नाही. यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. नावाचा नेमका अर्थ काय, आणि तुमच्यात किंवा ओळखीत कोणी गोदावरी असेल तर तिचा अनुभव काय, सांगाल का? रविवारपर्यंत ठरवायचं आहे.

---

निफाडकर | सोमवार, रात्री १०:१५

चांदोरीचं नाव वाचलं आणि थांबलो. मी सायखेड्याचा, म्हणजे तुमच्या आजीच्या माहेरचा शेजारीच.

आमच्याकडे जुन्या पिढीत घरटी एक गोदाबाई होती म्हटलं तरी चालेल. गोदाबाई, गोदूबाई, गोदामावशी, गोदाक्का. पण एक गोष्ट बाहेरच्यांना चटकन कळत नाही. आम्ही नदीला गोदावरी म्हणतच नाही, गंगा म्हणतो. आई धुणं घेऊन "गंगेवर जाऊन येते" म्हणायची. पावसाळ्यात "गंगेला पाणी आलं" अशी आरोळी उठायची. नाशकातही गंगाघाटच म्हणतात ना. गंगापूर गाव, त्यावरून गंगापूर धरण, खाली परभणीकडे जनाबाईचं गंगाखेड, दोन्ही काठांच्या पट्ट्याला गंगथडी. या सगळ्यांतली गंगा म्हणजे आपली गोदावरी.

माझ्या आजीला दोन बहिणी. आजी गंगू, मधली गोदू, धाकटी भागीरथी. कोणी म्हणेल बापाने तीन नद्यांची नावं ठेवली. आमच्या गावाच्या लेखी तिघीही एकाच नदीच्या. तेव्हा हे नाव शोधताना गोदावरी किती सापडतात एवढंच मोजू नका, या पट्ट्यातल्या गंगूबाईही त्यात धरा.

घरात ठरत नाही म्हणाल, तर आमची गोदूमावशी ज्या घरात गेली तिथेच साठ वर्षं संसार करून गेली.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७:०५

संस्कृत शिकवण्यात उभी हयात गेली, म्हणून अर्थाबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

'गो' म्हणजे गाय हे सर्वांना ठाऊक. पण संस्कृतात या एका अक्षरात पृथ्वी, वाणी, किरण, स्वर्ग, पाणी असे कितीतरी अर्थ आहेत. 'दा' म्हणजे देणारी. गोदा म्हणजे गाय देणारी, तशीच पाणी देणारी. जुने कोशकार 'गां स्वर्गं ददाति' अशी फोड करतात. जिच्यात स्नान केलं असता स्वर्ग मिळतो ती. काठावर शेती करणाऱ्याला 'पाणी देणारी' हाच अर्थ जवळचा वाटेल आणि मलाही तोच आवडतो.

आता 'वरी'. बाळाच्या नावांच्या याद्यांमध्ये 'वर म्हणजे श्रेष्ठ, म्हणून देणाऱ्यांत श्रेष्ठ' असं सरसकट छापलेलं असतं. ऐकायला बरं वाटतं, पण व्याकरणाची परंपरा वेगळं सांगते. इथे 'वन्' हा प्रत्यय आहे. स्त्रीलिंगी रूप करताना 'वन्'चा 'न' जाऊन 'र' येतो आणि शेवटी 'ई' लागते. पाणिनीचं सूत्रच आहे, 'वनो र च' (४.१.७). म्हणजे 'वरी' हा वेगळा शब्द जोडलेला नाही. देण्याची क्रिया करणारी एवढंच ते दाखवतं. याच सूत्राखाली जुने टीकाकार आणखी एक उदाहरण देतात, ते म्हणजे शर्वरी, रात्र. आज कितीतरी मुलींचं नाव शर्वरी आहे आणि ते कोणाला जुनाट वाटत नाही. वहिनींना हे जरूर सांगा. गोदावरी आणि शर्वरी व्याकरणाच्या एकाच साच्यातून निघालेल्या आहेत.

गायीचा संबंध कथेतही आहे. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींच्या शेतात एक गाय शिरली. त्यांनी दर्भाच्या काडीने तिला हाकललं आणि ती तिथेच गतप्राण झाली. त्या पातकातून सुटण्यासाठी त्यांनी शिवाची आराधना केली आणि गंगा खाली आणवली. म्हणून ती गौतमी. ब्रह्मपुराणात या नदीवर 'गौतमीमाहात्म्य' नावाचा मोठा भाग आहे.

आणखी एक. दोन हजार वर्षांपूर्वी या काठचे लोक तिला काय म्हणत होते याचा पुरावाही आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, ही नदी 'गोला' आणि 'गोलाणई' अशी येते. 'णई' म्हणजे नदी. म्हणजे नाव लहान करून, जिव्हाळ्याने घ्यायची रीत आपल्या गोदूबाईच्या फार आधीची आहे.

---

अनघा_इंदिरानगर | मंगळवार, सकाळी ११:३०

पाटीपेन्सिल, सुंदर माहिती. पण नदीचं नाव ठेवू नये हे माझ्याही सासरी मानतात. याला काही आधार आहे का, की नुसतं ऐकीव?

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी १२:१०

आधार आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात (३.९) वधू कशी नसावी याची यादी आहे. तिथे नक्षत्राचं, झाडाचं आणि नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं म्हटलं आहे. ते वाक्य वधू निवडणाऱ्याला उद्देशून आहे. बारशाचा विषय तिथे नाही.

आता महाराष्ट्राने याचं काय केलं ते पाहा. रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, कावेरी, चंद्रभागा, इंद्रायणी. यातली एकही मुलगी लग्नावाचून राहिली नाही. रोज आंघोळीच्या वेळी सात नद्यांचा जो श्लोक म्हणतात त्यात गंगा, यमुनेनंतर तिसरं नाव गोदावरीचं आहे. ज्या घरात तो श्लोक सकाळी म्हणतात त्याच घरात ते नाव अशुभ कसं होईल?

---

अनघा_इंदिरानगर | मंगळवार, दुपारी १२:२५

पटलं. आणि आत्ता लक्षात येतंय, आमच्या सोसायटीत एक नंदिनी आहे, एक अरुणा मावशी आहेत. दोन्ही नाशिकच्याच नद्या की! नासर्डी म्हणजे नंदिनी. अरुणा आणि वरुणा रामकुंडाशी गोदेला मिळतात, वरुणा म्हणजे आपली वाघाडी. तपोवनात कपिला. या नावांना कोणी नदीचं नाव म्हणून हरकत घेत नाही, कारण ती नदी आहे हेच माहीत नसतं.

---

कोव्वूर_ते_कॉलेजरोड | मंगळवार, सायंकाळी ६:५०

घरात तेलुगू, शाळा नाशिकची, म्हणून मराठीतच लिहिते.

आमच्या बाजूला 'गोदा' ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी नदी येत नाही, आंडाळ येते. तमिळनाडूतल्या श्रीविल्लिपुत्तूरची ती संत कवयित्री, तिरुप्पावैच्या तीस पदांची कर्ती. आळवारांमध्ये, म्हणजे तमिळ विष्णुभक्त संतकवींमध्ये, बाई ती एकटीच. तमिळमध्ये तिचं नाव कोदै, म्हणजे फुलांची माळ. देवासाठी गुंफलेली माळ ती आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघायची, अशी कथा आहे. संस्कृतात आणि तेलुगूत तिला गोदादेवी म्हणतात. धनुर्मासात पहाटे आमच्या घरी आजही तिची पदं होतात. म्हणजे उच्चार एक झाला, मुळं वेगळी. तिकडची गोदा माळेची, इकडची पाण्याची. बाळाला दोन्ही मिळतील.

गौतमांच्या त्या गायीचं पुढे काय झालं, हे आमच्याकडे सांगतात. माझं आजोळ आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या समोरच्या काठावर, कोव्वूरला. तिथल्या घाटाचं नाव गोष्पाद, गायीचं पाऊल. नदी वाहत तिथे आली आणि ती गाय उठून उभी राहिली असं मानतात. तुमच्याकडे ब्रह्मगिरीवर गोष्ट सुरू होते, आमच्याकडे पुरी होते. मधे १४६५ किलोमीटरची नदी. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आणि आमच्याकडे गोदावरी पुष्करम, एकाच वर्षी. माझी आई नाशिकला आली तेव्हा पहिल्याच दिवशी रामकुंडावर जाऊन म्हणाली होती, "ही आपल्याकडे यायला निघालीय."

---

जुना_पिंपळ | मंगळवार, रात्री ९:२०

दोन गोदूबाई आठवतात, दोन्ही विसरू नयेत अशा.

पहिली, महर्षी कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी. देवरूखच्या जोशांच्या गोदूबाई, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्यांचं नाव आनंदीबाई झालं. पुढे सगळे त्यांना 'बाया' म्हणत. त्यांनी कर्व्यांच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा केली, आत्मचरित्र लिहिलं. पण गोदू हे नाव लग्नाबरोबर मागे राहिलं, तुमच्या आजीसारखंच.

दुसरी, गोदावरी परुळेकर, १९०७ ते १९९६. माहेरच्या गोखले. लग्नानंतर आडनाव बदललं, पण नाव गोदावरीच राहिलं. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांमध्ये वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. वारली पाड्यांवर ती 'गोदूताई' झाली. त्या अनुभवांवरच्या त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला गोदूताईंचंच नाव दिलं आहे. जुनाट नाव म्हणणाऱ्यांनी त्या वसाहतीत जाऊन विचारावं.

---

त्रिरश्मी | मंगळवार, रात्री १०:४५

मी गौतमी सुचवेन. नदी तीच, उच्चार सोपा. शिवाय नाशिकशी त्याचं नातं कोरीव आहे. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्या लेखात आपल्या मुलाचा पराक्रम सांगितला. राजाची ओळख आईच्या नावाने सांगितली जात होती, तेही या आपल्या डोंगरात.

एक सांगायला हवं, तिथलं गौतमी हे गोत्रावरून आलेलं आहे, नदीवरून नाही. आणि आमच्या घरी माझ्या मुलीचं नाव गौतमी आहे ते महाप्रजापती गौतमीवरून, जिने सिद्धार्थाला वाढवलं आणि स्त्रियांसाठी संघाचं दार उघडून घेतलं. एका नावात तीन बायका आणि एक नदी.

---

वाघाडी | बुधवार, सकाळी ८:३०

मला मात्र वेगळं वाटतं आणि ते मनापासून मांडतो. माझं घर नदीपासून चार मिनिटांवर. उन्हाळ्यात पुलावरून खाली बघा, पानवेलींनी पाणी झाकलेलं असतं. कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं, जिवंत झरे त्याखाली गेले. ज्या नदीची ही अवस्था केली तिचं नाव लेकराला ठेवायचं? उद्या ती मोठी होऊन पुलावर उभी राहिली आणि विचारलं, "ही का मी?" तर काय सांगणार? नाव ठेवायच्या आधी नदी नीट ठेवायला हवी.

---

निफाडकर | बुधवार, सकाळी ९:१०

वाघाडी, तुमचा राग खरा आहे. खालच्या गावांत तेच पाणी आमच्याकडे येतं, पानवेलींसकट. पण म्हणून नाव टाकून दिलं तर तिच्याविषयी बोलायला राहील कोण?

आणि ती नुसती सोसणारी नाही. १९६९, २००८, २०१६, २०१९, प्रत्येक वेळी तिने आपली जागा परत घेतली आहे. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून, पाणी कंबरेला लागलं की छातीला. नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी टेकलं की शहर गप्प होतं. २०१९ ला चांदोरी-सायखेड्यात आम्ही पत्र्यावर बसून होतो. तरी पाणी उतरल्यावर आईने पहिलं काम केलं ते गंगेची ओटी भरली.

---

काठावरची | बुधवार, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला सगळं वाचून दाखवलं. शर्वरीचा मुद्दा तिला फार आवडला. तिच्या आईंनी अंघोळीच्या श्लोकाचं ऐकलं आणि "ते मात्र खरं" एवढंच म्हणाल्या. त्यांची हरकत संपली असं मी धरते.

पण आज आमच्याच घरात नवीन अडचण निघाली. काका म्हणाले, जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, आजी अजून आहे. यावर आई पटकन म्हणाली, "अहो, त्यांचं नाव शालिनी आहे. गोदावरी आपल्या घरात कोणाचंच नाव नाही." काकांना ते पटलं, अडचण मिटली, सगळे चहा प्यायला लागले.

मला तो चहा गेला नाही. अडचण मिटली ती आजीचं नाव पुसलेलं होतं म्हणून. आईचा हेतू वाईट नव्हता, ती माझ्याच बाजूने बोलत होती. पण सत्तर वर्षं या घरात राहिलेल्या बाईचं जन्माचं नाव 'कोणाचंच नाही' असं इतक्या सहज म्हणता येतं.

आजी आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. तिला अजून विचारलेलंच नाही.

---

गोदावरी_सिन्नरफाटा | गुरुवार, पहाटे ५:२०

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. माझं नाव गोदावरी, वय एक्केचाळीस, नर्स आहे. हे नाव घेऊन जगताना काय होतं ते सांगते.

शाळेत चिडवलं. दुसरी ते पाचवी. गाडी येत असली की 'गोदावरी एक्स्प्रेस आली' म्हणायचे, पावसात 'पूर आला'. रडले, घरी नाव बदला म्हणाले. वडील म्हणाले, दहावीपर्यंत थांब, मग हवं तर बदलू. सहावीत भूगोलात द्वीपकल्पावरच्या नद्या आल्या. बाईंनी मला उभं करून नकाशावर उगमापासून मुखापर्यंत बोट फिरवायला लावलं. बोट महाराष्ट्र ओलांडून पार बंगालच्या उपसागरापर्यंत गेलं. त्या दिवसानंतर कोणी चिडवलं असेल तर मला आठवत नाही. दहावीनंतर वडिलांनी आठवणीने विचारलं. मी नको म्हणाले.

लग्नात नाव बदलायचं ठरत होतं. सासूबाईंनी 'गौरी' काढून ठेवलं होतं. मी नवऱ्याला आधीच सांगितलं होतं की तांदळात नाव लिहायचं तर माझंच लिही. त्याने गोदावरी लिहिलं. तेवढ्या चार अक्षरांसाठी मी त्याची आजही ऋणी आहे.

आता कामाबद्दल. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बायका वॉर्डात घाबरलेल्या असतात, सुईला हात देत नाहीत. नाव विचारतात. गोदावरी म्हटलं की चेहरा बदलतो. कितीजणींनी पडल्या पडल्या हात जोडले आहेत. एक आजी शेवटच्या दिवसांत मला सिस्टर म्हणतच नव्हत्या, गंगामाय म्हणायच्या. माझ्या हातून पाणी पिताना डोळे मिटायच्या. मी काहीच वेगळं केलं नव्हतं. ते त्या नावाने केलं.

अडचणीही लिहिते. फोनवर लोक 'गोदावरी म्हणजे नाव की आडनाव' विचारतात. कोणी ओळख न विचारता 'काकू' म्हणून मोकळं होतं, कारण नावावरून साठीची वाटते. मैत्रिणींनी कॉलेजात 'गोदा' केलं, ते टिकलं. घरात 'गोदू'. रागावल्यावर आई 'गोदे' म्हणायची.

काठावरची ताई, आजींना विचारा. बाळाच्या आधी त्यांना विचारा.

---

मेघना_गंगापूररोड | गुरुवार, सकाळी ९:४५

गोदावरी ताई, तुमचं वाचून ऑफिसला उशीर झाला. माझ्या पणजीचं नाव लग्नात बदललं होतं एवढंच घरात ठाऊक आहे, आधीचं काय होतं ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. आज आत्याला फोन करून विचारणार आहे.

---

वाघाडी | गुरुवार, दुपारी २:१५

मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण वॉर्डातल्या त्या आजींचं वाचल्यावर एवढं जोडतो. पाणी खराब केलं आपण, नाव खराब झालेलं नाही. ठेवा. आणि ती चालायला लागली की तिला पुलावर जरूर घेऊन जा.

---

पाटीपेन्सिल | शुक्रवार, सकाळी ७:३०

एक राहिलं होतं. रामकुंडाजवळ गंगा-गोदावरीचं मंदिर आहे, ते सिंहस्थातच उघडतं आणि तेरा महिने उघडं राहतं. पुढचं सिंहस्थस्नान २०२७ मध्ये. बाळाला तेव्हा नेता येईल. एरवी दार बंद असलं तरी बाहेरूनही लोक हात जोडून जातात.

---

काठावरची | सोमवार, रात्री ११:०५

बारसं झालं. उशिरा लिहिते, घरी पाहुणे होते.

शुक्रवारी रात्री आजीचे पाय चेपताना तिला विचारलं. बराच वेळ बोलली नाही. झोपली असं वाटलं. मग म्हणाली, "माझं म्हणून नको ठेवूस. गंगेचं म्हणून ठेव. माझं ते माझ्यापाशी आहे." मी विचारलं, "तुला राग नव्हता का आला, नाव बदललं तेव्हा?" म्हणाली, "विचारलं कुणी होतं? तांदूळ दाखवले, वाच म्हणाले. मला वाचता येत नव्हतं. मागून नणंदेने सांगितलं, तू शालिनी."

हे मी आजवर ऐकलेलं नव्हतं. बाबांनीही नाही.

रविवारी तिला नाशिकरोडला नेलं. पाळणा झेंडूने सजवला होता. वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात ठेवला, मग 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरलं. वहिनीच्या आईंनी स्वतः पहिल्यांदा घेतलं. मग मी कानाशी वाकले. पाठीवर धपाटे बसत होते, तसं तीनदा कानात सांगितलं आणि मान वर करून मोठ्याने म्हटलं, "गोदावरी!"

आजी भिंतीशी खुर्चीत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "ओ."

बायका पाळण्यात गुंतल्या होत्या, सगळ्यांच्या लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं. ते उठून बाहेर गेले.

वहिनी आज सकाळी फोनवर म्हणाली, गोदू रात्रभर जागी होती.

---

निफाडकर | सोमवार, रात्री ११:२०

बाळाला थोडं मोठं होऊ द्या, मग आजींना आणि तिला घेऊन चांदोरीला या. पाऊस ओसरला की घाटापर्यंत गाडी जाते. मी येईन.

---

गोदावरी_सिन्नरफाटा | मंगळवार, पहाटे ५:४०

अभिनंदन. जन्मदाखल्यावर नाव चढवायचं काम वर्षाच्या आत करून टाका, तोवर त्याला वेगळं शुल्क पडत नाही. अर्ज भरल्यावर 'री' दीर्घ लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचून घ्या. माझ्या दाखल्यावर ऱ्हस्व आहे, ते नीट करायला दोन वर्षं गेली.